कामावर आलेल्या बाईचा कागद

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

चूल पेटवता पेटवता ऐकणाऱ्या, शेवटच्या लोकलने नेरळला उतरून वाडीकडे चालत निघालेल्या, खोपोलीच्या कंपनीतून दुसरी पाळी करून आलेल्या, सगळ्यांना नमस्कार.

दर वेळी आम्ही इथे दुसऱ्याने काय करावं ते सांगतो. आज आमच्या गटाने काय केलं ते सांगणार आहोत, आणि ते चांगलं नाही. गेल्या बैठकीत ठरलं की हे रेडिओवर बोलायचं. दोघी-तिघी नको म्हणाल्या. त्यांचंही बरोबर होतं, आपली चूक चव्हाट्यावर कोण मांडतं? पण मग एक काकी म्हणाली, "आपण नाही सांगितलं तर उद्या दुसरा गट तेच करील." म्हणून बोलतोय.

आमचा गट स्वयंपाकाचं काम घेतो. कर्जतकडे उल्हास नदीच्या आणि पेज नदीच्या काठाने किती फार्महाऊस झालेत ते तुम्ही बघताच. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येतात, त्यांना चुलीवरची भाकरी हवी, पिठलं हवं, गावठी कोंबडी हवी. दोन वर्षांपूर्वी एका फार्महाऊसचं काम आम्हाला मिळालं. जागेचं नाव सांगत नाही, गरज नाही. नाताळ ते एकतीस डिसेंबर म्हणजे आमची सुगी. तेव्हा हात कमी पडतात. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही तिथल्याच वॉचमनच्या बायकोला भांड्यांना आणि कांदा-लसणीला घेतलं. रोज चारशे रुपये. ती नेपाळची, अछाम जिल्ह्यातली. मुंबईत, ठाण्यात, आपल्याकडे वॉचमनचं काम करणारी पुष्कळ माणसं नेपाळच्या त्या पश्चिमेच्या डोंगरांतली आहेत. हाताला चपळ, बोलायला कमी. आम्ही तिला बहिनी म्हणायचो, कारण ती आम्हाला तसंच म्हणायची. त्यांच्यात धाकट्या बहिणीला बहिनी म्हणतात आणि थोरल्या बहिणीला दिदी. म्हणजे आमच्यातल्या साठीच्या काकीलाही ती धाकटी बहीणच म्हणत होती, आम्ही दाखवलेल्या शब्दाला धरून. हे आम्हाला फार नंतर कळलं.

अकरा दिवस ती कामावर होती. बाराव्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. "तुमच्यात बाहेर देशाची बाई आहे. तिचं काम करायचं परमिट बघा, नाहीतर केस तुमच्या गटावर होईल." केस हा शब्द ऐकला की आपले हातपाय गळतात. गटाच्या नावावर बँकेचं कर्ज, कुणाच्या घरात सासरे विचारणारे, कुणाचा नवरा आधीच म्हणत होता कशाला नसती उठाठेव. आम्ही तिला बोलावलं आणि परमिट मागितलं. तिला काय मागतोय तेच कळेना. तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. नेपाळचं नागरिकतेचं प्रमाणपत्र. ते नेपाळीत असतं, पण अक्षरं आपलीच, देवनागरी. वाचता येत होतं. नाव वाचलं, जिल्हा वाचला, फोटो जुळला. मग जन्मतारीख वाचली आणि आमच्यातली एक ओरडली, "अगं, साल बघा, २०४८! ही बाई अजून जन्मलीच नाही!"

हसू नका. आम्हाला तेव्हा हसू आलं नाही. कागद खोटा आहे असं सगळ्यांच्या मनात बसलं. आम्ही तिला म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस, परमिट आण, मग पगार देऊ. आणि कागद "तपासून देतो" म्हणून ठेवून घेतला. गटाच्या पेटीत टाकला, कुलूप लावलं.

चौथ्या दिवशी तिला घरून फोन आला, आई फार आजारी. तिला निघायचं होतं. इथून कल्याण, कल्याणहून लखनौची गाडी, तिथून बसने गौरीफंटा, सीमा ओलांडून धनगढी, आणि पुढे डोंगराचा रस्ता. सीमेवर ओळखीचा कागद विचारतात. तो कागद आमच्या पेटीत. पेटीची किल्ली जिच्याकडे ती मुरबाडला भाचीच्या लग्नाला गेलेली. फोन लागेना. दोन दिवस ती आमच्या एकेकीच्या दारात येऊन बसली. तिसऱ्या दिवशी कागद मिळाला आणि ती गेली. ती पोहोचली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिची आई गेली होती.

पगाराचे चार हजार चारशे रुपये तेव्हाही आमच्याकडेच होते.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो. हे आम्हाला नंतर कळलं, कारण आमच्यातल्या दोघी लाजून का होईना, आधी पोलीस ठाण्यात आणि मग तालुक्याच्या कोर्टात मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंकडे जाऊन बसल्या. ठाण्यातले हवालदार म्हणाले, "मावशी, नेपाळच्या माणसाला परमिट नसतंच. नसलेला कागद ती आणणार कुठून?"

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्यात लिहिलंय की एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहायला, फिरायला, व्यापार-धंदा करायला, मालमत्ता घ्यायला तिथल्या माणसासारखीच सवलत मिळेल. म्हणून नेपाळची सीमा ओलांडून येणाऱ्या नेपाळी माणसाला इथे व्हिसा लागत नाही, आणि घरकाम, स्वयंपाक, वॉचमनकी अशा कामाला वेगळा परवाना लागत नाही. आपला माणूसही तसाच काठमांडूला जाऊ शकतो. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला, १९४६ चा जुना गेला, पण नेपाळ आणि भूतानच्या माणसांची ही सूट नव्या कायद्याखालीही ठेवलेली आहे. भारतीय सैन्याच्या गोरखा पलटणींत नेपाळचे नागरिक किती वर्षं लढत आले. सीमेवर बंदूक धरायला चालतात, आणि आमच्या मोरीवर भांडी घासायला परमिट हवं म्हणे.

आणि ते २०४८? नेपाळात सरकारी कागदावर विक्रम संवत असतो. आपल्याकडे गुजराती दुकानदार दिवाळीला वहीपूजन करतात ना, ते विक्रम संवतच, त्यांचं वर्ष दिवाळीनंतर बदलतं आणि नेपाळात एप्रिलच्या मध्याला. त्यातून साधारण ५७ वजा केले की आपलं इंग्रजी साल येतं. २०४८ म्हणजे १९९१. आपल्या लग्नपत्रिकेवर शके छापतो, त्यात ७८ मिळवावे लागतात. आपल्या पत्रिकेवरचं शके बघून कुणी म्हटलं की ही नवरी शंभर वर्षांची असणार, तर आपण त्याला वेड्यात काढू. नागरिकतेच्या त्या प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपर्यंत वैध' असंही नसतं. ते एकदा मिळालं की मिळालं. सोळा वर्षं पूर्ण झाली की काढता येतं.

वकीलबाईंनी आम्हाला अमेरिकेची एक गोष्ट सांगितली, ती सांगायला हवी, कारण तीही नेपाळची आहे. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळात मोठा भूकंप झाला. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली, गावंच्या गावं बसली. तेव्हा अमेरिकेत जी नेपाळी माणसं आधीच होती, त्यांना तिथल्या सरकारने त्याच वर्षी जूनमध्ये तात्पुरतं संरक्षण दिलं. १९९० सालापासून त्यांच्याकडे तसा कायदा आहे. ज्या देशात लढाई किंवा असं संकट आहे, तिथल्या माणसांना ठरावीक मुदतीपर्यंत परत पाठवत नाहीत, आणि त्या काळात काम करायची परवानगी देतात. त्या परवानगीचं कार्ड मिळतं, त्यावर तारीख छापलेली. आता गंमत अशी, गंमत कसली, की सरकार पुष्कळदा मुदत वाढवतं, पण नवी कार्डं वेळेवर हातात येत नाहीत. मग सरकार जाहीर करतं की अमक्या जुन्या तारखेची कार्डं अमक्या दिवसापर्यंत चालतील. म्हणजे कार्डावरची तारीख गेलेली, पण परवानगी जिवंत. मालक कार्ड बघतो, तारीख बघतो आणि म्हणतो, संपलं, घरी जा.

तिथला नियम मात्र मालकाला असं करू देत नाही. कुणालाही कामावर ठेवलं की कामाच्या पहिल्या दिवसानंतर तीन कामाच्या दिवसांत मालकाने त्याचे कागद बघून एक फॉर्म भरायचा असतो. कुठले कागद चालतात त्याची यादी छापलेली असते, आणि त्यातला कुठला दाखवायचा ते कामगार ठरवतो. मालकाने "मला हाच हवा" म्हणायचं नाही. एखादा परदेशी दिसतो, बोलतो म्हणून जास्तीचा कागद मागायचा नाही. मागितला तर तो भेदभाव धरतात. वाढीव मुदतीचं जुनं कार्ड मालकाला मानावंच लागतं. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नेपाळचं हे संरक्षण संपवायचं जाहीर केलं आणि त्यावर कोर्टात भांडणं झाली. दहा वर्षं तिथे राबलेली माणसं, कोर्टाच्या एकेका तारखेवर नोकरी टांगलेली. आपल्या शिकलेल्या पोरांतली काही तिकडे आहेत, त्यांनाही कामाच्या कागदाची हीच धास्ती असते, फक्त कार्ड वेगळं.

आम्ही ऐकत होतो आणि आमच्या मनात तो मालक आणि आम्ही एकच झालो होतो. फरक एवढाच की त्याला बघायला यादी होती, आणि आम्ही जो कागद मागत होतो तो जगात नव्हताच.

आता प्रत्यक्षात काय करायचं? काम देताना ओळख बघणं चुकीचं नाही. आपण घरात, स्वयंपाकात माणूस घेतो, पाहुण्यांचं सामान तिथे असतं. बघायलाच हवं. पण सगळ्यांचं सारखं बघा. आमच्या गटात आम्ही ठाकूरवाडीतल्या बायांचं कधी काही बघितलं नाही, आगरी पाड्यातल्यांचं नाही, एकटीचं बघितलं, कारण तिचं नाक चपटं. आणि त्यातही फसायला होतं. दार्जिलिंग, सिक्कीम, आसाममध्ये लाखो नेपाळी बोलणारी माणसं आहेत, ती भारतीय नागरिक आहेत. नेपाळी ही भाषा १९९२ पासून आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, मराठीच्या पंक्तीत. चेहऱ्यावरून देश ओळखणारे आम्ही कोण?

काय बघायचं? जो ओळखीचा कागद माणूस दाखवेल तो. नेपाळचा असेल तर नागरिकतेचं प्रमाणपत्र, किंवा त्यांचा पासपोर्ट. इथला असेल तर आधार, मतदार कार्ड, रेशन कार्ड, जॉबकार्ड, काहीही. नाव, फोटो, गाव जुळलं की वहीत लिहा, हवं तर मोबाईलवर फोटो काढा किंवा झेरॉक्स घ्या, आणि मूळ कागद त्याच जागी, तिच्या हातात परत द्या. तपासून देतो, उद्या देतो, असं नाही. झेरॉक्सचे दोन रुपये गटाने द्यायचे.

आधारबद्दल एक सांगायला हवं, कारण गावात सगळ्यांना वाटतं की आधार म्हणजे भारतीय असल्याचा शिक्का. तसं नाही. कायद्यातच लिहिलंय की आधार नंबर हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. नवीन कार्डावर तसं छापलेलंही असतं, वाचून बघा. आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार काढता येतो. नेपाळ-भूतानच्या माणसाचा आधार दहा वर्षांपुरता असतो. तेव्हा आधार आहे म्हणून ती भारतीय ठरत नाही, आणि आधार नाही म्हणून ती चोर ठरत नाही. आधार खरा की खोटा हे बघायचं तर कार्डावरचा चौकोन आधारच्या ॲपने स्कॅन करा, किंवा १९४७ या नंबरला फोन करून विचारा. १९४७, स्वातंत्र्याचं साल, लक्षात राहतं.

बाजारात काही पोरं पाचशे-हजारात "आधार करून देतो, पत्ता इथलाच टाकतो" म्हणून फिरतात. बहिनीच्या नवऱ्यालाही एकाने तसं सांगितलं होतं. तुमच्याकडे काम करणाऱ्या कुणालाही त्यात पडू देऊ नका. खोटी माहिती देऊन आधार काढला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती कार्डावर जिचा अंगठा तिलाही. खरा नेपाळी कागद असलेल्या बाईला खोटा भारतीय कागद काढायची गरजच नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. आम्ही परमिट परमिट करून तिला त्याच पोरांच्या दारात ढकलत होतो.

पोलीस ठाण्यात कळवायचं का? मुक्कामाला असणारा कामगार किंवा भाडेकरू असेल तर जरूर कळवा. कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली, जे ठाणं जवळ तिथे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या पोर्टलवरही घरकामगाराची आणि भाडेकरूची माहिती भरता येते, सीआरपी ताईला सांगितलं तर ती मोबाईलवर भरून देईल. पण तिला सांगून, तिच्यासमोर. पाठीमागे जाऊन चहाडी केल्यासारखं नको.

आता अवघड प्रश्न. बैठकीत तो आलाच. "नेपाळचं ठीक, पण बांगलादेशी निघाली तर?" खरं उत्तर देतो. बांगलादेश, किंवा नेपाळ-भूतान सोडून दुसऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला इथे काम करायला पासपोर्ट आणि कामाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर गटाने कामावर ठेवू नये. पण ती बांगलादेशी आहे हे ठरवायचं काम आपलं नाही. मालदा आणि मुर्शिदाबाद हे जिल्हे पश्चिम बंगालात आहेत, तिथली हजारो माणसं आपल्याकडे गवंडीकाम, फरशीकाम करतात, आणि ती बोलतात बंगालीच. जून २०२५ मध्ये मीरा रोडकडून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या माणसाला बांगलादेशच्या सीमेपलीकडे ढकललं गेलं, आणि तो भारतीय असल्याचं कळल्यावर परत आणावं लागलं. सरकारी यंत्रणेची इतकी चूक होते, तर गावातली चार टाळकी भाषा ऐकून काय ठरवणार? शंका असेल तर ठाण्यात सांगा. मारहाण नाही, खोलीला कुलूप नाही, सामान बाहेर फेकणं नाही. आणि केलेल्या कामाचा पगार बुडवणं तर नाहीच नाही.

पगाराचं हे जरा जास्त सांगतो, कारण आमच्या मनाला तेच लागलंय. आम्हाला वाटलं होतं कागद नाही म्हणजे पगार नाही. असा नियम कुठेच नाही. आपल्या घटनेचं तेविसावं कलम वेठबिगारीला बंदी करतं, आणि ते फक्त नागरिकांसाठी नाही, या जमिनीवर असलेल्या प्रत्येकासाठी आहे. एकविसावं कलमही तसंच, जगण्याचा हक्क सगळ्यांना. १९८२ मध्ये दिल्लीत एशियाडची बांधकामं चालली होती, तेव्हा मजुरांना कमी पैसे देत होते. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीसुद्धा वेठबिगारीच. काम झालं की पैसा तिचा. आमच्या वहीत ते चार हजार चारशे 'परमिट येईपर्यंत राखीव' म्हणून लिहिले होते. ते पान अजून आहे. फाडायचं नाही असं ठरवलंय.

आणि आता दुसरी बाजू. ही गोष्ट ज्या महिन्यात झाली, त्याच महिन्यात आमच्या वरच्या कातकरवाडीतली एक पोरगी भट्टीवरून पळून आली. दिवाळी झाली की आपल्या कातकरी कुटुंबांची वीटभट्टीवर जायची वेळ होते, पनवेल, कल्याण, भिवंडीकडे, आणि कोळशाच्या भट्टीवर तर कुठच्या कुठे, कर्नाटकापर्यंत. पावसाळ्यात घरात धान्य नसतं तेव्हा मुकादम येतो, उचल देतो, आणि पुढचे सहा-सात महिने माणूस त्या पैशाला बांधलेला. त्या पोरीने सांगितलं, मुकादमाने तिचं आणि नवऱ्याचं आधार कार्ड "हजेरीला लागतं" म्हणून घेतलं आणि दिलंच नाही. मूल आजारी पडलं तेव्हा दवाखान्यात न्यायला मागितलं तर म्हणाला, आधी उचल फेडा. आम्ही सगळ्या संतापलो. त्याच्या नावाने बोटं मोडली. मग एकदम सगळ्या गप्प झाल्या. त्याने ठेवलं ते आधार, आणि आम्ही पेटीत ठेवलं ते काय होतं?

म्हणून मुकादमाबद्दलही नीट ऐका. उचलीच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करायला, हिंडायला बंदी करणं ही १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी आहे. त्या कायद्याने असं कर्ज रद्दच होतं, फेडायचं राहत नाही. कार्ड अडकवून ठेवणं हा त्याच गळ्यातल्या दोरीचा एक पीळ. तहसीलदारांकडे किंवा प्रांतांकडे तक्रार करता येते, त्यांनी चौकशी करायची असते. सुटका झालेल्या मजुराला पुनर्वसनाचे पैसे मिळतात. २०१६ च्या योजनेत पुरुषाला एक लाख, बाईला आणि मुलाला दोन लाख, आणि फार वाईट छळ झाला असेल तर तीन लाख, असं आहे. त्यासाठी सुटकेचा दाखला हातात घ्यायला विसरू नका, त्याशिवाय पुढची फाईल हलत नाही.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम-जनमन योजना यांच्यासाठीच आहे, त्यात आधार, जातीचा दाखला, रेशन कार्ड यांची शिबिरं होतात. आपल्या भागाचं आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय पेणला आहे. पण शिबिर लागतं तेव्हा निम्मी वाडी भट्टीवर असते, हे आमचं गाऱ्हाणं. शिबिर पावसाळ्यात लावा, भाताची लावणी झाली की. भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद एकवीस दिवसांच्या आत तिथल्या ग्रामपंचायतीत करून घ्यायची, नाहीतर पुढे शाळेला, जातीच्या दाखल्याला जन्मभर धावाधाव. आणि रेशन भट्टीच्या गावीही मिळतं. एक देश एक रेशन कार्डात घरची काही माणसं तिकडे धान्य उचलू शकतात, म्हातारी इकडे उचलू शकते.

मैत्रिणींनो, कागद जपणं आपल्या हातात नेहमी नसतं हेही आपल्या खालापूरने बघितलंय. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. सत्तावीस माणसांचे मृतदेह मिळाले, सत्तावन्न मिळालेच नाहीत. ज्यांची घरं गेली त्यांचे पेटीतले कागदही मातीत गेले. त्या दिवसांत कुणी त्यांना म्हटलं असतं की आधी पुरावा दाखव तू इथलाच, मग जेवायला देतो, तर आपण त्याला काय केलं असतं? नेपाळात २०१५ मध्ये हेच हजारो घरांचं झालं.

म्हणून एक साधं काम. घरातल्या प्रत्येकाच्या कागदाची झेरॉक्स काढून एक संच नात्यातल्या दुसऱ्या घरी ठेवा. भट्टीवर जाणाऱ्या बाईने मूळ आधार सोबत नेलं तरी हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही, मुकादमाला झेरॉक्स द्यायची, आणि आधार नंबरचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रतही चालते, ती मागून घ्या. पगार, उचल, हजेरी आपल्याही वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या, नाहीतर रोज संध्याकाळी मोबाईलवर बोलून ठेवा, तारीख त्यात आपोआप येते. असंघटित कामगार म्हणून ई-श्रमची नोंद करा, सोळा ते एकोणसाठ वयाच्यांची होते, त्याची चौकशी १४४३४ वर. वकील हवा तर १५१०० वर फोन करा. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्या फोनवर कुणी विचारलं की तुम्ही कुठल्या गावच्या, तर घाबरू नका, जवळची समिती शोधायला विचारतात.

बहिनीचं काय झालं ते विचाराल. तिच्या नवऱ्याकडे आम्ही चौघी गेलो. चार हजार चारशे दिले, वर गाडीभाड्याला म्हणून हजार दिले. त्याने चार हजार चारशे मोजून घेतले आणि हजार परत केले. काही बोलला नाही. आम्हाला तो बोलला असता तर बरं वाटलं असतं. फार्महाऊसच्या मॅनेजरला आम्ही करार आणि कायदा लिहून नेऊन दाखवला. तो म्हणाला, "अच्छा, मला माहीत नव्हतं." आम्हालाही नव्हतं, म्हणून त्याच्यावर रागावता येईना.

गेल्या दसऱ्याला, त्यांच्याकडे दशैं म्हणतात, तिचा फोन आला. आवाज नीट येत नव्हता. डिसेंबरला माणूस लागेल का, विचारत होती. लागेल म्हटलं. मग तिने विचारलं, "दिदी, कागद कुणाकडे ठेवायचा?" फोन काकीकडे होता. काकी म्हणाली, तुझ्याकडे ठेव, आणि आल्यावर मला एकदा वाचायला दे, तुझ्या गावचं नाव मला नीट म्हणता येत नाही.

पुढच्या बुधवारी वीटभट्टीवर निघणाऱ्या बायांसाठी वाडीत बैठक आहे. झेरॉक्सवाल्या पोराला त्याचं मशीन घेऊन बोलावलंय, वीज असली तर तिथेच प्रती काढू. येताना घरातले सगळे कागद आणा, फाटके असले तरी आणा.